रेजिनाचा तडा

माझ्या आईची एकच रेकॉर्ड निघाली. १९८५ सालच्या फेब्रुवारीत, दादरच्या एका स्टुडिओत. गाण्याचं नाव 'उरलेली दुपार'. कंपनीनं पाचशे प्रती काढल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा आमच्याच माळ्यावर पडून राहिल्या. मराठी माणसांना ते गाणं इंग्रजी वाटलं, आणि इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांना मराठी कळत नव्हतं.

पप्पा, म्हणजे इनास लोपीस, तेव्हा कुलाब्याच्या एका हॉटेलातल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. बोटीवरचे खलाशी तिथे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डी आणायचे. त्या गाण्यांना सोल म्हणतात. चर्चमधल्या प्रार्थनेचा सगळा जोर लावून स्वतःचं दुःख गायचं, अशी काहीशी ती गाणी. मम्मी, म्हणजे रेजिना, आमच्या वसईच्या गावात, चर्चच्या कॉयरमध्ये गात वाढलेली. तिला ते लगेच जमलं. पप्पांनी मराठीत एक सोल बांधलं आणि तिच्याकडून गाऊन घेतलं. त्या वर्षानंतर ती कुठेच गायली नाही, कॉयरमध्येसुद्धा नाही. १९९३ साली विषमज्वरानं गेली, तेव्हा मी तेरा वर्षांची होते.

गाणं केव्हाच विसरलं गेलं होतं. मग कुणाला तरी चोरबाजारात एक प्रत सापडली, त्यानं ती इंटरनेटवर टाकली, आणि बघता बघता त्याची कव्हर व्हर्जन्स निघायला लागली. लिस्बनच्या एका बाईनं मराठीचं एक अक्षर न कळता ते गायलं. डाकारच्या तीन भावांनी नुसत्या टाळ्यांवर गायलं. सांगलीच्या एका ब्रास बँडनं तर ते वरातीत वाजवलं. मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात मुलींनी तेच गायलं. मी मोजणं सोडलं तेव्हा चारशेच्या वर व्हर्जन्स झाली होती.

आणि सगळ्यांची नजर एकाच जागेवर. दुसऱ्या कडव्यात 'दुपार माझी तुझ्याच नावानं गेली' अशी ओळ आहे. 'गेली'वर सूर चढतो आणि तिथे मम्मीचा आवाज फाटतो. एका आवाजाचे दोन होतात, एक वर राहतो, दुसरा खाली घसरतो, आणि मग दोन्ही पुन्हा एकात येतात. जेमतेम अडीच सेकंद. जगभर त्याला 'रेजिनाचा तडा' म्हणतात. तो ज्याला जमला त्याला गाणं जमलं, असं मानतात.

पप्पा प्रत्येक मुलाखतीत सांगायचे, "रेजिना गाता गाता रडली. काचेमागचा रेकॉर्डिस्टसुद्धा डोळे पुसत होता." मीही ते शाळेतल्या मुलींना कितीदा सांगितलं असेल.

गेल्या वर्षी, २०३८ च्या जूनमध्ये, माझी मुलगी शेरील पुण्याहून एक चपटा डबा घेऊन घरी आली. ती पंचवीस वर्षांची. माझा नवरा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, मी, शेरील आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचे पप्पा. डब्यात राखाडी रंगाचा, दोन बोटं रुंदीचा एक पट्टा होता. तिनं तो गळ्याला बांधला आणि आरशात पाहिलं.

"मम्मी, हा लावून मी आजीसारखी गाणार," ती म्हणाली. "सारखी म्हणजे नक्कल नव्हे. माझा गळा आजीचा गळा होणार."

मला कळेल असं तिनं समजावून सांगितलं. कुणाच्याही आवाजात गाणारी यंत्रं जुनी झाली होती. ती आवाजाची नक्कल करत, पण त्यात श्वास घेणारं माणूस नसे, आणि लोक त्याला विटले होते. मग पुण्यातल्या डॉक्टर गार्गी वैराळे यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं अशांना त्यांचाच आवाज परत द्यायचा होता. आवाज कसा निघेल हे गळ्याच्या आकारावर ठरतं. तेव्हा जुन्या ध्वनिमुद्रणातला आवाज तपासून तो काढणारा गळा नेमका कसा होता, हे गणितानं शोधता येतं. स्वरतंतू किती लांब, किती जाड, कुठे ताणलेले, जीभ कुठे, छातीत हवा किती. सावलीवरून माणूस ओळखावा तसं. एका कंपनीनं हे तंत्र विकत घेतलं, त्याला 'स्वरकाया' नाव दिलं आणि वर हा पट्टा बनवला. पट्ट्याच्या आत विजेची बारीक टोकं आणि हवेच्या इवल्या गाद्या असतात. गाणारा गात असताना पट्टा त्याच्या गळ्याचे स्नायू हलकेच ओढतो, दाबतो, आणि मूळ गायकाच्या गळ्याचा आकार त्याला देतो.

डिसेंबरात मुंबईत मोठा कार्यक्रम ठरला होता. रेजिनाच्या नातीनं, रेजिनाचा गळा घेऊन गायचं. इतकी वर्षं लग्नसमारंभात गाणाऱ्या शेरीलला असं कधी मिळालं नव्हतं. त्यासाठी मूळ टेप हवी होती. ती पप्पांच्या कपाटात होती. वारस म्हणून पप्पांनी करारावर सही केली आणि टेप दिली.

सप्टेंबरात डॉक्टर वैराळेंचा मला फोन आला. "इव्हेटबाई, तुम्ही एकट्याच येऊ शकाल का?"

पुण्याला त्यांच्या प्रयोगशाळेत मी गेले. बाई माझ्याहून लहान होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी चहा मागवला आणि तो येईपर्यंत हवापाण्याचं बोलत राहिल्या. मग पडद्यावर गळ्याचं एक चित्र आलं, हळूहळू फिरणारं.

"या तुमच्या आई," त्या म्हणाल्या. "नऊ फेब्रुवारी एकोणीसशे पंच्याऐंशी. गाणं रेकॉर्ड झालं तो दिवस."

मी बघत राहिले. माझ्याकडे मम्मीचे चार फोटो आहेत. तिचा आतून गळा बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

"त्या रडल्या म्हणून आवाज फाटला, असं सगळे सांगतात," डॉक्टर म्हणाल्या. "मीही तसंच धरून चालले होते. पण रडताना सबंध स्वरयंत्र वर ओढलं जातं, दोन्ही स्वरतंतू सारखेच ताणले जातात आणि श्वास थरथरतो. इथे श्वास एकदम स्थिर आहे. त्या रडत नव्हत्या. हे बघा, डावा स्वरतंतू. उजव्याच्या दीडपट जाड आहे. सुजलाय, आत रक्त साकळलंय. खालच्या सुरात दोघांचं कसंबसं जुळतं. सूर चढला की जड तंतू मागे पडतो आणि दोघं वेगवेगळे सूर काढतात. तोच तो तडा. शिवाय डावीकडची कूर्चा आत दबलेली आहे."

"पडली असेल कुठे तरी."

"पडल्यावर मार समोरून बसतो. हा बाजूनं आहे, एका लहान जागेवर." त्यांनी फिरणारं चित्र तिथे थांबवलं. "कंपनीत येण्याआधी मी सरकारी रुग्णालयात घशाच्या विभागात होते. असे गळे आमच्याकडे पोलीस घेऊन यायचे."

"लहान जागा म्हणजे केवढी?"

"अंगठ्याएवढी."

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. मला एकदम आठवलं ते वेगळंच. मी पाच वर्षांची असताना मम्मी काही दिवस मला टाळी वाजवून बोलवायची. हाक मारायचीच नाही. मी अंगणातून धावत आले की हसायची आणि गळ्याकडे बोट दाखवायची. आवाज बसलाय, एवढंच मला कळलं होतं. मला तो खेळ वाटायचा आणि ती बरी झाल्यावर तो बंद पडला म्हणून मी रुसलेही होते.

"आणखी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्याच टेपवर पुढे तुमच्या वडिलांनी दुसऱ्या रेकॉर्डची तयारी केलेली आहे. वेगळं गाणं. ऑक्टोबरचा सराव आणि नोव्हेंबरचं ध्वनिमुद्रण. ऑक्टोबरचं ऐका."

मम्मीचा आवाज आला. स्वच्छ, थोडा रुंद, कॉयरमधला. सूर चढला आणि कुठेही न फाटता वर गेला. मग गाणं थांबलं आणि एका पुरुषाचा आवाज आला. तरुण होता, तरी मी लगेच ओळखला.

"तसा नाही. त्या दिवशीसारखा काढ."

"तो येत नाही आता," मम्मी म्हणाली.

"येईल."

डॉक्टरांनी बंद केलं. "ऑक्टोबरपर्यंत सूज उतरली होती. नोव्हेंबरच्या ध्वनिमुद्रणात पुन्हा त्याच जागी सूज आहे, ताजी. काही तासांचीच. त्या गाण्यात तुमच्या आई चौथ्या ओळीपर्यंत पोचतात आणि आवाज पूर्ण जातो. टेप तिथेच संपते."

मी चहाचा कप बाजूला सारला. मग विचारलं, "कंपनीला माहीत आहे?"

"कंपनीला आकडे हवे होते. आकडे मी दिलेत. त्यांचा अर्थ कुणी विचारला नाही." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "तुमच्या मुलीला सांगा. तो पट्टा डाव्या बाजूला जे करतो ना, ते हेच आहे. त्याच जागी दाबतो, तेवढ्याच जोरानं. दिवसाला वीस मिनिटांच्या वर तो बांधू नये असं मी लिहून दिलंय. पण सराव करणारी मुलं ऐकत नाहीत."

मी घरी आले तेव्हा चार वाजले होते. शेरील बाहेर गेली होती. पप्पा ओटीवर आरामखुर्चीत बसून केळीच्या बागेकडे बघत होते. मी समोर बसले.

"पप्पा, फेब्रुवारीच्या त्या रेकॉर्डिंगआधी मम्मीच्या गळ्याला काय झालं होतं?"

"काय व्हायचंय?"

"मशीननं दाखवलं."

"मशीनला काय कळतंय?"

"ऑक्टोबरच्या टेपवर तुमचा आवाज आहे. मी ऐकला."

मला वाटलं, आता वयाच्या आड लपतील, आठवत नाही म्हणतील. तसं म्हणाले असते तर मी ते मान्यही केलं असतं.

"हॉटेलात कुणाशी तरी हसून बोलली होती," ते म्हणाले. "मी प्यायलेला होतो. माणसाचा हात जातो कधी. दोन दिवसांवर रेकॉर्डिंग. मला वाटलं, सगळं बुडालं. आणि मग तिनं तो सूर लावला. अंगावर काटा आला बघ माझ्या."

"आणि नोव्हेंबरात?"

त्यांनी मांडीवरची चादर सारखी केली. "नोव्हेंबरात प्यायलेला नव्हतो."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तेच बोलत राहिले.

"रेकॉर्ड कंपनीचा माणूस म्हणाला, तोच आवाज पाहिजे, नाहीतर दुसरी रेकॉर्ड नाही. तिच्याकडे तो राहिला नव्हता, इव्हेट. मी तिला सांगितलं तसं. ती खुर्चीत बसून राहिली. नको म्हणाली नाही."

"नको म्हणायला आवाज ठेवला होता का तिला?"

"चारशे लोक गातात तिचं गाणं," पप्पा म्हणाले. "उगाच गातात?"

मी उठून आत गेले. संध्याकाळी त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली तेव्हा पाणी आणि गोळ्या घेऊन परत बाहेर आले. दुसरं कोण देणार होतं?

आता मी जे केलं ते सांगते. मी शेरीलला काही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, कार्यक्रम डिसेंबरात आहे, तीन महिने फक्त. तिनं करार केलाय. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बोलावलंय. आत्ता सांगितलं तर ती गाऊच शकणार नाही. आणि म्हाताऱ्याचे किती दिवस उरलेत? गावात, चर्चमध्ये काय तोंड दाखवायचं? कार्यक्रम झाला की सांगू. हे सगळं मला तेव्हा पटलं होतं. रोज सकाळी पटवून घ्यावं लागायचं, पण पटायचं.

शेरील माडीवर सराव करायची. वीस मिनिटं नव्हे, तीन-तीन तास. खाली भाजी चिरताना मला ऐकू यायचं. 'दुपार माझी तुझ्याच नावानं गेली', आणि तडा. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तडा. जेवायला खाली आली की पट्टा काढलेला असायचा आणि गळ्याच्या डाव्या बाजूला एक लाल वर्तुळ दिसायचं.

"पुरे की आता," मी म्हणायचे. "इतका वेळ लावू नये तो."

"का? काय होतंय?"

"गळ्याला त्रास होईल."

"आजीला झाला का?" ती हसायची. "मम्मी, तू फक्त सांग, आज कसा आला? आजीसारखा?"

"छान आला," मी म्हणायचे.

पप्पा ओटीवरून ओरडायचे, "थोडा उशिरा फाटू दे! गे-वर नको, ली-वर!" आणि शेरील वरून "ओके आजोबा!" म्हणून पुन्हा सुरू करायची. एकदा मी चिरत होते ते सगळं तसंच टाकून मागच्या दारी जाऊन उभी राहिले. पण वर गेले नाही.

कार्यक्रम झाला. दोन हजार माणसं होती. तडा आला त्या क्षणी सभागृहात कुणी श्वाससुद्धा घेतला नाही, आणि नंतर लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. पप्पा पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर होते. कॅमेरा त्यांच्यावर आला, ते रडत होते. तो व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला. दुसऱ्याच आठवड्यात कंपनीनं मम्मीच्या गळ्याचा नमुना सगळ्यांसाठी खुला केला, कुणीही आपल्या पट्ट्यात तो भरून घ्यावा आणि गावं. शाळकरी मुली गळ्याला पट्टा बांधून गातानाचे व्हिडिओ टाकायला लागल्या.

जानेवारीत शेरील चर्चमध्ये एका लग्नाच्या मिस्साला गायली. पट्ट्याशिवाय, नेहमीचं साधं भक्तिगीत. सूर चढला आणि आवाज फाटला. लोकांना वाटलं तिनं मुद्दाम केलं. माझ्या शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, "अगदी रेजिनाचा गळा."

शेरीलनं मुद्दाम केलं नव्हतं. आठवडाभरानं तो बोलतानाही फाटायला लागला. पुण्याला डॉक्टर वैराळेंनी दुर्बिणीनं पाहिलं. डाव्या स्वरतंतूवर गाठ आली होती. गाठ काढता येईल, त्या म्हणाल्या, पण पाच-सहा महिने तीच हालचाल करून स्नायूंना तिची सवय लागली आहे, ती जाईल की नाही सांगता येत नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेरीलला काही सांगितलेलं नाही, हे त्यांना कळलं असावं. त्या उठून दुसऱ्या खोलीत गेल्या.

मी तिथेच शेरीलला सगळं सांगितलं. फेब्रुवारी, ऑक्टोबर, नोव्हेंबर. टेपवरचे शब्द. पप्पा ओटीवर काय म्हणाले ते. ती पूर्ण वेळ पट्टा हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे माझ्या गळ्यावर आजोबांचा अंगठा होता," ती म्हणाली.

मी तिच्या हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. डॉक्टरांनी मला उघडं पाडलं नसतं.

"सप्टेंबरात," मी म्हणाले.

तिनं बोटांवर मोजलं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. मग पट्टा टेबलावर ठेवला आणि निघून गेली. ती वसईला परत आली नाही. पुण्यात मैत्रिणीकडे राहते असं कळलं. माझे फोन घेत नाही.

फेब्रुवारीत तिनं सगळं जाहीर केलं. टेपचे तुकडे, मम्मीच्या गळ्याचं चित्र, आणि शेजारी स्वतःच्या गळ्याचं. चार दिवस गदारोळ झाला. कंपनीनं सांगितलं की आम्ही फक्त ध्वनीचा अभ्यास करतो, आणि नमुन्यावरचं मम्मीचं नाव काढून टाकलं. नमुना तसाच ठेवला. उलट आता तो तिप्पट लोक घेतात, कारण त्यातलं दुःख खरं आहे हे कळलंय. लिस्बनच्या त्या बाईनं गाणं पुन्हा गायलं आणि मम्मीच्या स्मृतीला अर्पण केलं. तडा पहिल्याहून लांबवला होता.

गावात पप्पांना कुणी काही बोललं नाही. फादर घरी येऊन त्यांना कम्युनियनचा पवित्र प्रसाद देऊन गेले. पप्पा आता फारसे उठत नाहीत. पेज भरवावी लागते, कूस बदलून द्यावी लागते. ते मीच करते. आम्ही बोलत नाही.

परवा सकाळी शेरीलची एक मुलाखत लागली होती. मी पेज ढवळता ढवळता फोनवर ऐकत होते. तिची शस्त्रक्रिया झालेली आहे, तरी प्रत्येक दुसऱ्या वाक्याला आवाज दुभंगतो. मुलाखत घेणारा मुलगा चांगला होता, तिला पाणी प्यायला वेळ देत होता. शेवटी त्यानं विचारलं, "तुमच्या घरात हे आधीपासून कुणाला माहीत होतं का?"

पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हो," ती म्हणाली. "माझ्या आईला माहीत होतं."

आतून पप्पांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

"शेरील," मी म्हणाले. कित्येक दिवसांनी मी त्यांच्याशी बोलले.

"काय म्हणते?"

मी गॅस बंद केला. मुलाखत पुन्हा पहिल्यापासून लावली, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या उशीपाशी ठेवला. मग खुर्ची ओढून मीही ऐकायला बसले.